मशीननं पैसे घेऊन माल कमी दिला तर ग्राहकानं भांडावं की सोडून द्यावं?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की असं होऊच नये म्हणून आधीपासून काय काळजी घ्यावी. ते सांगते. पण सोडून द्यायचं नाही, हे पहिलं. या एका गोष्टीवरून आमच्या घरात तीन वर्षांपासून अबोला आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

चिप्स-बिस्किटांचं मशीन मी नागपूरच्या एका दवाखान्यात पाहिलं तेवढंच. माझं रोजचं मशीन पाण्याचं. मी दर्यापूर तालुक्यातली. आमचा भाग खारपाणपट्टा, पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलेला. विहीर खोदा नाहीतर बोअर मारा, पाणी खारंच लागते. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नळ आहे, पण तो रोज येईल याचा भरवसा नाही. म्हणून ग्रामपंचायतीनं आरओचं, म्हणजे खारं पाणी गाळून गोडं करणारं मशीन बसवलं. पाच रुपयांचं नाणं टाका, वीस लिटर पाणी घ्या. गावात त्याला एटीएमच म्हणतात.

मे महिना होता. आमच्या निळ्या कॅनला गळ्यापाशी एक चर आहे. आधी पाणी बरोबर त्या चरापर्यंत यायचं. त्या महिन्यात चार बोटं खालीच नळ बंद व्हायला लागला. दोन-तीन दिवस वाटलं, उन्हानं कॅनच फुगला असेल. मग घरी आणून दुधाच्या लिटरच्या मापानं मोजलं. सोळा मापं झाली आणि वर अर्धं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेले तर साडेएकोणीस भरलं. दुपारी दोनला परत साडेसोळा. मुलगी नववीत होती, तिनं वहीत रकाने आखून दिले: तारीख, वेळ, लिटर. आठ दिवस लिहिलं.

मशीनवर बसणाऱ्या पोराला वही दाखवली. तो म्हणाला, "ताई, मशीन देते तेवढंच देते. माह्या हातात काय हाये?" त्याचं खरं होतं. मग रविवारी मी माप घेऊनच गेले आणि चौकात, पाच-पंचवीस लोकांसमोर, कॅन बादलीत मोजून रिकामा केला.

तिथं माझे भासरे, म्हणजे मोठे दीर, उभे होते, ग्रामपंचायतीचे मेंबर. ते माझ्याशी सरळ बोलत नाहीत, आमच्याकडे तशी रीत आहे. ते आमच्या घरच्यांना म्हणाले, "तिले सांग, खोटं माणूस बोलते, मशीन नाही बोलत. पाच रुपयासाठी घराची इज्जत चौकात मांडली." हे काहीच बोलले नाहीत. मी उरलेली मापं मोजली. साडेसोळाच.

पाच रुपये म्हणे! कॅनमागे साडेतीन लिटर. दिवसाला शंभर कॅन धरले तरी साडेतीनशे लिटर पाणी होते. ज्या गावात पाहुणा आला की आधी चहाचं गोडं पाणी शोधावं लागते, तिथं हे सोडून द्यायचं?

अकरा दिवसांनी अमरावतीहून मेकॅनिक आला. त्यानं डबा उघडला तेव्हा मी समोरच उभी होते. आत लिटर मोजणारं काहीच नव्हतं, होता टायमर. नाणं पडलं की व्हॉल्व्ह उघडतो, ठरलेले सेकंद संपले की बंद होतो. फिल्टर नवा आणि व्होल्टेज पूर्ण असताना तेवढ्या वेळात वीस लिटर पडतात. फिल्टर तुंबला किंवा दुपारी व्होल्टेज उतरलं की धार बारीक होते, सेकंद मात्र तेवढेच राहतात. पांढरी असायला पाहिजे ती गाळणी त्यानं बाहेर काढली तर चहाच्या चोथ्यासारखी झालेली. म्हणजे मशीन खरोखरच खोटं बोलत नव्हतं, ते वेळ मोजत होतं. पण पाटीवर वीस लिटर लिहिलं होतं, वीस लिटर लिहिणारा माणूस होता, आणि टायमर लावून वर्षभर न पाहणाराही माणूसच होता. हे मला त्या दिवशी चौकात बोलता आलं नाही. नंतर ग्रामसभेत लेखी अर्ज दिला. तीन महिन्यांनी पाणी मोजणारा सेन्सर बसला. भासऱ्यांनी त्याबद्दल आजवर शब्द काढला नाही.

आता तुमच्या कामाचं. पाण्याचं मशीन असेल तर सकाळी लवकर जा, आणि आपल्या कॅनवर मोजून एक रेघ मारून ठेवा. नाणं परत येत असेल तर तेच दहादा टाकू नका. आतली यंत्रणा नाण्याचा आकार, जाडी, धातू पाहते. पाचाचं जुनं नऊ ग्रॅमचं जाड नाणं आणि नंतरचं सहा ग्रॅमचं ही तिच्या लेखी वेगवेगळी नाणी आहेत. जे चालते त्याची चिल्लर वेगळी ठेवा.

क्यूआर असेल तर दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराकडे पोचल्याचं कन्फर्मेशनच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानं ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण पैसे पोचले आणि माल पडला नाही, तर ते असे आपोआप परत येत नाहीत, तो मशीनवाल्याचा हिशोब. म्हणून पैसे टाकायच्या आधी मशीनवरचा नंबर, पाटी आणि वेळ यांचा फोटो घ्या. नंबरच लिहिलेला नसेल तर त्या मशीनमध्ये पैसे टाकू नका. मशीनवाल्यानं दाद दिली नाही तर १९१५ वर फोन लावा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

एक राहिलं. टीडीएस मीटर घेऊन पाणी चांगलं की वाईट ठरवू नका. ते पाण्यात विरघळलेले क्षार किती एवढंच दाखवते, जंतू नाही. आणि तुम्ही यवतमाळकडचे असाल तर तिकडे त्रास फ्लोराइडचा, तोही त्यात वेगळा दिसत नाही. त्यासाठी पाणी प्रयोगशाळेतच तपासून घ्यावं लागते. मशीनला लाथा-बुक्क्या मारू नका, खाली ओल असते आणि अर्थिंगचा नेम नसतो. तिथं बसणाऱ्या पोरावरही ओरडू नका, त्याच्या हातात टायमरची किल्ली नसते. मी पहिल्या दिवशी त्याच्यावर ओरडले होते, ते चुकलं.

वही अजून आहे, देव्हाऱ्याखालच्या फडताळात. आठ दिवसांचे आकडे मुलीच्या अक्षरात आहेत. भासऱ्यांनी कधीही येऊन पाहावेत.