पावसातली शर्यत : टायर कधी बदलायचा?

प्रश्न : 2021 च्या रशियन ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत नॉरिस पुढे होता. शेवटी पाऊस आला, हॅमिल्टन टायर बदलायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टीमच्या जागेत, गेला आणि जिंकला. उरलेल्या चार फेऱ्यांसाठी पिटमध्ये वीस-पंचवीस सेकंद घालवणं परवडतं कसं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : तुम्ही स्लिकवर, म्हणजे कोरड्या ट्रॅकच्या गुळगुळीत टायरवर, दर फेरीला ठरावीक नुकसान धरलंय, तिथे हिशोब चुकतो. स्लिकला खाचा नसतात, पाणी बाजूला सारायची सोय नसते, आणि त्याचं रबर गरम असेल तरच पकड देतं. ट्रॅक ओला झाला की वेग उतरतो, वेग उतरला की टायर गार पडतो, गार टायर आणखी घसरतो, की वेग पुन्हा उतरतो. या फेरीत तीन सेकंद गेले, तर पुढच्या फेरीत दहा जातील, नाहीतर गाडीच बाहेर जाईल. सोचीत, म्हणजे त्या रशियन शर्यतीत, 53 फेऱ्यांपैकी 49वी संपताना हॅमिल्टन आत आला, तेही टीमने दुसऱ्यांदा सांगितल्यावर. नॉरिस बाहेरच राहिला, 51व्या फेरीत घसरला आणि सातवा आला. त्याला आम्ही अविचारी म्हणणार नाही. चाकाखाली आत्ता काय चाललंय ते ड्रायव्हरला कळतं. पुढच्या पाच मिनिटांत काय येतंय ते रडारवर टीमला दिसतं. अशा वेळी टीमने ‘इंटरमीजिएट (हलक्या पावसाचे, खाचा असलेले टायर) हवेत का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘पाऊस वाढतोय’ हे ठासून सांगावं लागतं.

प्रश्न : आणि ट्रॅक वाळताना?
– एक वाचक, लातूर

उत्तर : तिथे घाई नडते. ढोबळ माप असं : इंटरमीजिएटवरची फेरी कोरड्या फेरीच्या 112 टक्क्यांवर आली की स्लिकचा विचार सुरू करायचा. कोरड्यात 90 सेकंद लागत असतील, तर 101 च्या आसपास. पण आकडा पूर्ण फेरीचा असतो, आणि गाडी घसरते ती एखाद्याच ओल्या वळणावर. म्हणून सर्वांत ओलं वळण कोणतं, तिथे वाळलेला पट्टा गाडीच्या रुंदीएवढा झालाय का, हे ड्रायव्हरने पाहून सांगायचं. तोवर सरळ रस्त्यावर मुद्दाम ओल्या कडेने गाडी न्यायची, म्हणजे इंटरमीजिएट तापून फाटत नाहीत. स्लिक चढवल्यावर पहिल्या फेरीत ओव्हरटेक करायला जाऊ नये. पट्ट्याबाहेर चाक गेलं की संपलं.

प्रश्न : आमच्याकडे पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांना लागून आलेली काळी माती डांबरावर साबणासारखी होते. शर्यतीच्या ट्रॅकवर तर माती नसते. मग पावसात ड्रायव्हर नेहमीची वाट सोडून बाहेरून का वळतात?
– एक वाचक, जालना

उत्तर : कारण मातीचं काम तिथे रबर करतं. रोजच्या वाटेवर टायरचं रबर बसून डांबराचा खडबडीतपणा बुजतो. कोरड्यात तीच वाट चिकट, ओल्यात तीच निसरडी. बाहेरचं डांबर उघडं असतं, म्हणून तिथे पकड मिळते. वळणाच्या कडेचे रंगवलेले कर्ब आणि पांढऱ्या रेषा मात्र कटाक्षाने टाळायच्या.

साचलेलं पाणी ही वेगळी अडचण. फॉर्म्युला वनचा जोरदार पावसासाठीचा फुल वेट टायर ताशी 300 किलोमीटरला सेकंदाला 85 लिटर पाणी उपसतो, इंटरमीजिएट साधारण 30. पाणी त्याहून जास्त झालं की टायर डांबरावरून उचलला जातो : स्टिअरिंग एकदम हलकं होतं, इंजिनचा आवाज अचानक चढतो. त्या क्षणी ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग वळवायचं नाही. पाय हळूच उचलायचा आणि टायर पुन्हा डांबराला टेकेपर्यंत चाकं सरळ धरायची. वळवून ठेवलेली चाकं टेकली, की गाडी त्याच दिशेला झटका देते.