नर्सने नोकरी बदलली की तेच प्रशिक्षण पुन्हा का? डिजिटल नोंदीने ते टळेल का?

बरंचसं टळेल. जुन्या संस्थेकडून प्रशिक्षणाच्या कागदी प्रमाणपत्राची खातरजमा करून घेण्यात दिवस जातात, म्हणून नवं रुग्णालय सरळ पुन्हा वर्गात बसवतं. यात नर्सचा आणि विद्यार्थ्यांचा फार वेळ वाया जातो, आणि तो रुग्णांच्या वाट्याचा असतो.

पडताळणीयोग्य डिजिटल प्रमाणपत्रावर देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. क्यूआर कोड स्कॅन केला की मजकुरात फेरफार झालाय का, प्रमाणपत्र रद्द झालंय का, ते लगेच कळतं. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने यासाठी २०१९ मध्ये मानकही ठरवलं. फोनमधल्या साध्या पीडीएफने हे साधत नाही.

मुदत मात्र तपासा. बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय किंवा श्वास बंद पडल्यावर जीव वाचवण्याचे प्राथमिक उपचार) प्रमाणपत्र साधारण २ वर्षंच चालतं. आणि नव्या वॉर्डात क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषध-उपकरणांची गाडी) कुठे असते, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) कोणता आहे, हे तिथेच शिकावं लागेल.