‘अतारांकित प्रश्न’ म्हणजे दुय्यम प्रश्न काय?

‘अतारांकित प्रश्नाच्या लेखी उत्तरात मंत्र्यांनी ही माहिती दिली’ अशा बातमीतील ‘अतारांकित’चा अर्थ ‘कमी महत्त्वाचा’ असा घ्यावा काय, अशी विचारणा आहे. तसा तो घेऊ नये. तारांकित म्हणजे ताऱ्याची खूण केलेला, आणि ही खूण कोणा अधिकाऱ्याने महत्त्व जोखून केलेली नसते. लोकसभेच्या नियमांनुसार ज्या सदस्याला तोंडी उत्तर हवे असेल, त्यानेच आपल्या प्रश्नावर ती करायची असते. खूण नसलेल्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते आणि ते सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते.

तारांकित प्रश्नाला पूरक प्रश्न जोडून मंत्र्याला जागेवरच गाठता येते, हे त्याचे बळ. मात्र लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्नच यादीत येतात, तर अतारांकित प्रश्नांची मर्यादा २३० आहे. शिवाय वर्षवार, जिल्हावार तक्ते सभागृहात कोणी वाचून दाखवत नाही. ते लेखी उत्तराला जोडलेल्या विवरणपत्रातच सापडतात. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, पण अतारांकित प्रश्न चालू राहिले. टाळेबंदीत दगावलेल्या स्थलांतरित मजुरांची संख्या अशाच एका प्रश्नात विचारली गेली, तेव्हा अशी आकडेवारी ठेवलेली नाही, असे लेखी उत्तर सरकारला द्यावे लागले आणि त्या नकाराचीच देशभर बातमी झाली.

महाराष्ट्र विधानमंडळातील प्रश्नांची भाषा तर स्वतंत्रपणे पाहण्याजोगी आहे. ‘...हे खरे आहे काय. असल्यास, त्यावर कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ असा त्यांचा साचा असतो. प्रश्नात युक्तिवाद किंवा उपरोध चालत नसल्याने हा कोरडेपणा येतो, आणि माझ्या मते तो उपकारकच आहे. मात्र पहिल्याच खंडात चार विधाने एकत्र कोंबली आणि त्यांतली एखादी तारीख जरी चुकली, तरी ‘हे खरे नाही’ असे उत्तर देऊन पुढच्या सर्व खंडांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढेच लिहिण्याची सोय खात्याला आयती मिळते. ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर त्यामानाने बोलके, कारण त्यातला खरा अंश कोणता, हे पुढच्या अधिवेशनात विचारता येते. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ या उत्तरालाही वजन असते. लोकसभेत ते आश्वासन धरले जाते आणि तीन महिन्यांत पूर्ण झाले की नाही, यावर शासकीय आश्वासन समिती लक्ष ठेवते.

जाता जाता, बातम्यांतला ‘लेखी प्रश्न’ हा प्रयोग सैल आहे. प्रश्नाची सूचना तारांकित असो वा अतारांकित, ती लेखीच द्यावी लागते; फरक उत्तराचा असतो. त्यामुळे ‘लेखी उत्तराचा प्रश्न’ म्हणणे अधिक नेमके. अर्थात तारांकित असूनही वेळेअभावी पुकारला न गेलेल्या प्रश्नाचे उत्तरही लेखीच मिळते, हे ध्यानात ठेवून.