यकृतातील गाठीचे निदान अनिश्चित असेल तर

प्रश्न : माझ्या पत्नीचे वय 38 आहे. पोटात वारंवार गॅस धरतो म्हणून केलेल्या सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात 3 सेंटिमीटरची गाठ आणि फॅटी लिव्हर आढळले. सीटी स्कॅनच्या अहवालात ‘हिमँजिओमा असावा, परंतु नेहमीची लक्षणे दिसत नाहीत’ असे म्हटले आहे. हिपॅटायटिस बी व सी निगेटिव्ह आहेत. पाळीच्या तक्रारींसाठी ती काही वर्षे हार्मोनच्या गोळ्या घेत आहे. बायप्सी करावी का? सुई टोचली की गाठ पसरते, असे घरचे म्हणतात.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपण पाठवलेल्या अहवालानुसार सीटी केवळ पोर्टल व्हीनस या एकाच टप्प्यात, म्हणजे कॉन्ट्रास्टचे (चित्रात रक्तपुरवठा उठून दिसावा म्हणून देण्याच्या औषधाचे) इंजेक्शन दिल्यानंतर साधारण 70 सेकंदांनी केला आहे. हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, प्रथम कडेने तुटक ठिपक्यांसारखा उजळतो आणि मग सावकाश मध्याकडे भरत जातो. हा क्रम आधीच्या आणि नंतरच्या टप्प्यांची चित्रे असल्याखेरीज कळत नाही. त्यामुळे ही गाठ वेगळ्या वळणाची आहे असे म्हणण्यापेक्षा तपासणी अपुरी आहे असे म्हणणे मला योग्य वाटते. शिवाय सोनोग्राफीत सहसा पांढरट दिसणारा हिमँजिओमा, भोवतीचे यकृतच चरबीमुळे पांढरट झाले की, काळपट दिसू शकतो.

मला अधिक विचार करावासा वाटतो तो हार्मोनच्या गोळ्यांचा, कारण त्यांचा संबंध अ‍ॅडिनोमा या गाठीशी आहे. ती मोठी झाल्यास तिच्यात रक्तस्राव होऊ शकतो आणि क्वचित तिचे कर्करोगात रूपांतरही होते, म्हणून तिला निरुपद्रवी ‘फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया’पासून वेगळे ओळखावे लागते. यासाठी सर्व टप्प्यांचा एमआरआय करावा, आणि तोही शक्यतो गॅडॉक्झेटेट हे यकृतपेशींत शिरणारे कॉन्ट्रास्ट वापरून. सुमारे 20 मिनिटांनंतरच्या चित्रात हायपरप्लेशियाच्या पेशी ते धरून ठेवतात, तर बहुतेक अ‍ॅडिनोमा काळे दिसतात. (हिमँजिओमाही तेव्हा काळाच दिसतो, म्हणून त्या एकाच चित्रावर निर्णय देऊ नये.) एमआरआयची सोय सोलापुरातच आहे, हे विशिष्ट कॉन्ट्रास्ट मिळेल का, हे मात्र केंद्राला आधी फोन करून विचारावे. जाताना सीटीची फिल्म पुरेशी नाही, सीडीही न्यावी.

बायप्सीचा विचार एमआरआयनेही उलगडा झाला नाही आणि निदानावर उपचार अवलंबून असतील तरच करावा. साधी गाठ सुईने पसरत नाही. ती भीती कर्करोगाच्या गाठीबाबत आहे आणि तिथेही असे क्वचितच घडते. खरा धोका रक्तस्रावाचा असतो, म्हणून आधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी करतात व सुई निरोगी यकृतातून वाट काढत गाठीपर्यंत नेतात.

अ‍ॅडिनोमाच निघाला, तरी 5 सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीसाठी स्त्रियांमध्ये सहसा गोळ्या थांबवून सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करतात. गाठ वाढत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. गोळ्या थांबवण्याविषयी मात्र एमआरआयच्या तारखेची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांशी याच आठवड्यात बोलून घ्यावे.