कोकण-आंबोलीच्या पहिल्या सहलीआधी

पक्षी बघायला पहिल्यांदाच कोकणचा किनारा आणि आंबोलीचा घाट गाठायचा म्हणतोस, तेही गाइडसोबत! अवश्य जा. निघण्याआधी एक-दोन सकाळी आपल्या सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर दुर्बिणीचा सराव कर. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. पक्ष्यावरून नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. दुर्बिणीकडे बघत बसलास की पक्षी उडालाच. चष्मा असेल तर आयकप (डोळ्यांकडची रबरी कडा) आत फिरवून ठेव.

नवखे इथे चुकतात:
- पक्षी दिसला की आधी कॅमेरा. पहिल्या दिवशी तो बॅगेतच राहू दे.
- लगेच गाइडला नाव विचारणं. आधी चोच, शेपटी, बसायची जागा बघ.
- भडक कपडे.

समुद्री गरुड उघड्यावर दिसतो. मलबारी राखी धनेश (हॉर्नबिल) मात्र दाट झाडीत आधी ऐकू येतो. माळरानाची सवय असलेल्या आपल्याला हे जड जातं. तिथे गप्पा बंद, कान उघडे. आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी अजिबात बोलवायचा नाही.