जहाज बुडून वाचलेला पोरगा देवावरच शंका घेतो, अशी कादंबरी १४ वर्षांच्या मुलीला वाचू द्यावी का?

वाचू द्या की ओ. शंका घेतली म्हणून पोरं हाताबाहेर जातात हे मला अजिबात पटत नाही, आणि यावरून आमच्या घरात मोठं भांडण झालंय म्हणून लिहितेय.

माझं माहेर निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठाला. २०१९ च्या ऑगस्टात यमगर्णीला हायवेवरच पाणी आलं होतं, तेव्हाची गोष्ट. पाणी गोठ्यात शिरलं, बोट आली, दादानं आधी देव्हारा रिकामा केला, विठ्ठल-रखुमाई टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातले आणि सगळे बोटीत बसले. गाभण म्हैस दावणीलाच राहिली. पाणी उतरल्यावर बघतोय तर तिथंच फुगून पडलेली, दावं तसंच गळ्यात. भाची तेव्हा सहावीत, तिनं एवढंच विचारलं, "पप्पा, देवाला आपण वाचवलं, मग देवानं म्हशीला का नाही वाचवलं?" दादानं खाडकन कानाखाली दिली. माळकरी माणूस, आषाढीला पायी जाणारा! पुढं तिला लायब्ररीत असलीच कादंबरी मिळाली, तराफ्यावर बसून देवाला जाब विचारणारा पोरगा, तर ती माळ्यावर टाकली आणि मला फोन करून म्हणतोय, तूच नादाला लावलंस, आमच्या वेळी रॉबिन्सन क्रूसो होता, तसलं काहीतरी दे तिला.

दादानं वाचलेला क्रूसो म्हणजे शाळेतलं बारकं पुस्तक. डिफोच्या १७१९ च्या मूळ कादंबरीत बेटावरचा सोबती फ्रायडे क्रूसोला सरळ विचारतो, तुमचा देव सैतानापेक्षा ताकदवान आहे तर त्याला मारून का टाकत नाही? क्रूसोला उत्तर येत नाही, ऐकूच आलं नाही असं दाखवतो. आणि क्रूसो राहू दे लांब, आपल्या तुकोबांनीच 'माझे लेखी देव मेला' म्हणून ठेवलंय, गाथेत आहे. देवाशी भांडले तरी तुकोबा संत, आणि पोरीनं एक प्रश्न विचारला तर थोबाडीत, हे कुठल्या वारकऱ्याला शोभतं? दादाकडं याचं उत्तर अजून नाही. भाची आता बेळगावात कॉलेजला आहे, एकादशी धरते आणि वादही घालते.

हां, एक राहिलं. तुमच्या मुलीनं घरातलं कुणी पाण्यात गेलेलं बघितलं असेल तर आत्ताच देऊ नका, बुडण्याची वर्णनं फार अंगावर येतात. आणि आधी स्वतः चाळून बघा, विशेषतः तहानेचं खरं लिहिलंय का ते. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, ते बाहेर टाकायला मूत्रपिंडाला प्यालेल्यापेक्षा जास्त पाणी लागतं, म्हणून ते पिणारा माणूस अजूनच सुकतो. पावसाचं पाणी साठवायची धडपड पुस्तकात नसेल आणि पोरगा खाऱ्या पाण्यावर आठवडेच्या आठवडे जगत असेल, तर ते परत करून दुसरं आणा.