तेल लावूनही नळी गंजते

प्रश्न : अमेरिकेत राहतो. १९४३ सालची मोसिन-नागां ९१/३० रायफल घेतली. जुनी सोव्हिएत काडतुसे झाडून लगेच तेलाचा हात फिरवला, तरी तिसऱ्या दिवशी नळीत तांबूस गंज. असे का?

उत्तर : दोष काडतुसाच्या टोपीतल्या (बार पेटवणाऱ्या बुडाच्या प्रायमरमधल्या) पोटॅशियम क्लोरेटचा. बार उडाला की त्याचे क्लोराइड होते. हा मिठाचाच भाऊबंद, ओलावा ओढणारा. तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढा आणि त्याच दिवशी नरसाळ्याने मागून लिटरभर उकळते पाणी नळीत ओता. चिंधी कोरडी निघेपर्यंत पुसा, मगच तेल. नळी धुण्यासाठी अमोनियाच्या द्रावणाचे कौतुक फार होते. काम करते त्यातले पाणीच. बोल्टचे तोंड धुवायला लोक हमखास विसरतात. बोल्टमधली, टोपीवर आघात करणारी पिन खोललीत, तर जोडल्यावर घोडा पडलेल्या स्थितीत ती बोल्टच्या तोंडातून १.९ ते २.४ मिमीच बाहेर यावी. जास्त आली तर टोपी फाटते.